विंगेतून दिसलेले ॲलिस्टरकाका

ऑक्टोबर अर्धा सरला की एका सकाळी घरातली हीटिंग पहिल्यांदा सुरू होते आणि भिंतीतल्या जाळीतून जळक्या धुळीचा वास येतो. उन्हाळाभर आत बसलेली धूळ तापते, बाकी काही नाही. माझा नवरा मिलिंद दरवर्षी नाक वर करून विचारतो, "काही जळतंय का गं?" आणि दरवर्षी मी सांगते, "काही नाही बाप्पा, फर्नेस आहे." तरी शेगडीची सगळी बटणं बंद आहेत ना, ते मी एकदा बघून येतेच. मग चहा होतो, मिलिंद ऑफिसला जातो, मिशिगनमधल्या नोव्हायच्या आमच्या गल्लीत चिटपाखरू नसतं, आणि मला ॲलिस्टरकाका आठवतात. एकदा ते आठवले की तो दिवस कामाचा राहत नाही. चार वर्षं झाली, पण त्या एका हंगामात नक्की काय घडलं ते मला अजून कळलेलं नाही.

दोन हजार चारचा तो फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम. तेव्हा आम्ही ॲन आर्बर या विद्यापीठाच्या गावी राहायचो. मिलिंद रोज नोव्हायला ड्राइव्ह करून जायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी. नोकरी करायची नाही, बाकी काहीही करा! असला फुकटचा मोकळेपणा खायला उठतो हो. म्हणून मी बसमध्ये जाऊन बसायची. खरंच सांगते, कुठंही जायचं नसताना. बाहेर झाडं पिवळी, मग तांबडी, मग नुसत्या काड्या. रस्त्याच्या कडेला पानांचे ढीग, पाऊस पडून गेला की त्यांना उकळून टाकलेल्या चहापत्तीचा वास. शनिवारी स्टेडियमकडून आरडाओरडा यायचा, एरवी एका हातात कॉफी धरून सायकल हाकणारी पोरं. सगळं सुंदर होतं आणि ते इतकं सुंदर आहे याचाच मला राग यायचा.

अशाच एका बसमध्ये शेजारच्या सीटवर एक म्हातारा गोरा गृहस्थ डोळे मिटून पुटपुटत होता. हाडापेरानं मोठा, भुवया केरसुणीसारख्या, मांडीवर टाइप केलेली पानं. मला वाटलं, प्रार्थना करतोय. मग तो एका वाक्याशी अडला. पुन्हा मागून सुरुवात, पुन्हा तिथंच गाडी अडकली. माझी नजर त्याच्या मांडीवरच्या पानावर. आणि मी काय करावं? हळूच पुढचं वाक्य दिलं! अगं बाई, अनोळखी माणसाला, भर बसमध्ये!

त्यानं डोळे उघडले. "कोण तू?"

"प्रॉम्प्टर," मी म्हणाले. दुसरं काही सुचलंच नाही.

खोटं नव्हतं ते. नागपूरला माझे मामा बँकेतल्या लोकांची हौशी नाटक मंडळी चालवायचे आणि कॉलेजात गेल्यापासून लग्न होईस्तोवर त्यांच्या प्रत्येक नाटकाला विंगेत स्टुलावर मी. मंडळींचं पाठांतर म्हणजे आनंदीआनंद. त्यामुळे आमच्याकडे प्रॉम्प्टर कुणी अडायची वाट बघत बसत नाही. तो सबंध नाटक वाचतो. नटाच्या अर्धा श्वास आधी, प्रत्येक वाक्य, तिसऱ्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत. मामा म्हणायचे, नट काय, येतात आणि जातात, प्रॉम्प्टरला खोकला झाला की नाटक आटोपलं.

तर हे ॲलिस्टर. स्कॉटलंडचे. मला म्हणाले, नावानं हाक मार. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला नावानं कशी मारणार? माझ्या जिभेला ते जमेना, म्हणून काका. अर्थ विचारला, मी सांगितला, त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला आणि ठेवून घेतला. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, पण मला ते आता मराठीतच आठवतं, त्याला माझा इलाज नाही.

धंद्यानं ते नट. नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, कारण कुणीच ऐकलेलं नव्हतं. चेहरा मात्र सगळ्यांनी पाहिलेला. मृत्युपत्र वाचणारा वकील, गुत्त्याचा मालक, पहिल्याच वादळात मरणारा कप्तान, पाद्री, शवपेट्या करणारा सुतार. "नायक दार ठोठावतो ना," ते सांगायचे, "ते उघडतो तो मी." सुरुवात गावोगावच्या लहान थिएटरांत, दर आठवड्याला नवं नाटक. त्या भुवयांमुळे विशीतच त्यांना म्हाताऱ्यांची कामं मिळायची, आणि ते खरोखर म्हातारे झाले तेव्हा ती कामं मेकअप केलेली तरणी पोरं घेऊन जायला लागली. मग लंडनला टीव्ही, मग एका सिनेमासाठी अमेरिका. तिथं कपडेपट सांभाळणारी रूथ भेटली. ती मिशिगनची. तिच्या आईवडिलांचं घर ॲन आर्बरला, म्हणून म्हातारपणी दोघं इथं. रूथला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

हे मी आता सरळ सांगतेय, पण त्यांच्याकडून ते सरळ कधी आलं नाही. वडील गोदीत जहाजं बांधायचे. पुढच्या आठवड्यात वडील खाटीक. एकदा ते समुद्रात बुडाले, एकदा नव्वदीत झोपेत गेले. आवाजही तसाच. सिनेमावाल्यांनी त्यांना इंग्लिश, आयरिश, जर्मन काय काय बोलायला लावलेलं, त्यामुळे एखादा दूधवाल्याचा किस्सा एका धाटणीत सुरू व्हायचा आणि तिसऱ्याच धाटणीत संपायचा. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, वडिलांचं नक्की काय ते एकदा सांगा ना."

"तुला कुठले आवडले?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, खाटीक. तर म्हणे, "ठीक आहे, खाटीक."

आमच्या सुलभाकाकूंकडे, म्हणजे नोव्हायच्या डॉक्टर काकूंकडे, त्या दिवाळीत मी त्यांना फराळाला घेऊन गेले. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेल्या सगळ्या मराठी मंडळींचा अड्डा तिथं. दारात पाऊल टाकताच कुजबुज. "अरे, हा तो नाही का, जहाजाचा कप्तान?" "छट्, कप्तान वेगळा. हा वकील." काकू ठासून म्हणाल्या, "काही नाही. हा माझा पेशंट होता. पित्ताशय काढलंय मी याचं." काकूंचा नातू सोफ्यावरून म्हणाला, "आजी, ही लुक्स लाइक द मेलमॅन." ॲलिस्टरकाका चकली खात प्रत्येकाला हो म्हणत होते. काकूंना तर पोटावर हात ठेवून म्हणाले, "फार छान काढलंत." परतताना गाडीत मी हसून हसून बेजार. ते मात्र खिडकीबाहेर बघत होते. "हो म्हटलं की लोकांना घरी आल्यासारखं वाटतं," असं काहीतरी म्हणाले.

पण मी भरकटतेय. खरी गोष्ट नाटकाची, बसमधल्या त्या टाइप केलेल्या पानांची.

गावातल्या हौशी मंडळींनी एक नवं नाटक धरलं होतं, लिहिणारे इथलेच एक निवृत्त प्राध्यापक. गोष्ट साधी. समुद्रातल्या खडकावर दीपगृह, त्याचा म्हातारा रखवालदार. दिवा आता आपोआप लागणार, माणूस नको. मुलगी बोट घेऊन त्याला न्यायला येते. शेवटी ती म्हणते, "चला बाबा, बोट थांबलीय." आणि तो म्हणतो, "बोट जाऊ दे. मी इथंच राहणार." पडदा. आयुष्यात पहिल्यांदा ॲलिस्टरकाका मुख्य भूमिकेत होते. दार उघडणारे नव्हते, त्यांच्यासाठी दार उघडलं जाणार होतं.

आणि त्याच सुमारास त्यांनी किटली जाळली. पाणी उकळायला ठेवून विसरले. पाणी आटलं, किटली काळी पडली, घरभर वास. तो वास मी घेतलाय. दुसऱ्यांदा झालं तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलीला, हेलनला, फोन केला. ती पार पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनला. ताबडतोब आली. चाळिशीची, केस आखूड कापलेले, डोळ्यांखाली थकवा. भला मोठा वाद झाला म्हणे. हेलन म्हणत होती, घर विका आणि माझ्याकडे चला. काका म्हणत होते, मी रूथच्या घरातून हलणार नाही, माझं डोकं ठिकाणावर आहे. शेवटी ठरलं असं : नाटकाचे तीन प्रयोग न विसरता पार पाडले, तर काका राहणार. अडले, तर घर विकायचं. आता हे नाटकातल्यासारखंच झालं, मला कळतंय. मी काय करू? असंच झालं.

हेलननं मला स्वयंपाकघरात गाठलं. "सर्वांत जवळ तू बसणार आहेस. तो विसरला की नाही, ते तूच मला खरं सांगू शकशील. सांगशील ना?"

मी मान हलवली. हलवायला नको होती का? कोण जाणे. रात्री मिलिंद म्हणाला, "अगं, तू व्हॉलंटिअर करतेस की जज झालीयेस? कॅन्सल कर यार." पण कॅन्सल कसं करणार? त्यांना प्रॉम्प्टर हवी होती. दिग्दर्शिका बेव, शाळेत शिकवणारी बाई, म्हणाली होती, आमच्याकडे प्रॉम्प्टर ठेवत नाहीत. काका तिला म्हणाले, "मग मलाही ठेवू नका."

त्यांच्या स्वयंपाकघरातच तालीम चालायची. खिडकीबाहेर पानगळ, टेबलावर माझ्या डब्यातला साबुदाण्याचा चिवडा, आणि मी आमच्या नागपुरी पद्धतीनं, अर्धा श्वास आधी, एकेक वाक्य. दोन पानं त्यांनी सोसलं. मग टेबलावर मूठ आपटली. "मी पोपट आहे का?"

"आमच्याकडे असंच करतात," मी पण तडकून म्हणाले.

"तुमच्याकडे नटांना विचार करायला वेळ कधी मिळतो?"

"आमच्याकडे नट बँकेत असतात!"

यावर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी मला शिकवलं. मी विचार करतोय तोवर गप्प. मी बुडतोय तेव्हा बोल. मी विचारलं, "मला कसं कळणार कुठलं काय ते?" ते म्हणाले, "पायांकडे बघ. विसरलेल्या माणसाचे पाय चुळबुळतात. विचार करणाऱ्याचे हलत नाहीत." उभं राहून दोन्ही करून दाखवलं. विसरलेला ॲलिस्टर इतका हुबेहूब होता की मी घाबरून वाक्य देऊन मोकळी झाले.

पहिला प्रयोग शुक्रवारी. सभागृह भरलेलं, ओल्या कोटांचा वास, तिसऱ्या रांगेत हेलन. माझ्याजवळ स्टूल, टॉर्च आणि संहिता. काका असे काही उभे राहिले की मी दोनदा पान उलटायचं विसरले. आणि शेवट आला. स्टेजवरची मुलगी म्हणाली, "चला बाबा, बोट थांबलीय."

काका बोलेनात.

तालमीत इथं पॉझ नव्हता. एकदाही नाही. माझ्या तोंडात वाक्य तयार, जीभ टाळूला लागलेली. मी पाय पाहिले. पाय स्थिर. त्या पोरीच्या कपाळावर घाम. मी स्टुलाची कड धरून गप्प बसले आणि मनात गणपतीला म्हणाले, बाबा रे, काय ते तूच बघ. किती वेळ गेला देवाला ठाऊक. मग अगदी साध्या आवाजात, "बोट जाऊ दे. मी इथंच राहणार." लोक उभेच राहिले. हेलननं बाहेर मला दंडाला धरून विचारलं, "विसरला ना?" मी छातीठोकपणे सांगितलं, "मुळीच नाही. तो पॉझ होता. अभिनय." मला स्वतःचाच अभिमान वाटला.

शनिवारी त्याच जागी पॉझच नाही! मुलीचं वाक्य संपतं न संपतं तोच काकांचं वाक्य, धाडकन. बेव हिरमुसली. मी चक्रावले. काल अभिनय होता तर आज तो का टाकला? आणि काल विसरले होते, तर पाय का हलले नाहीत? गाडीत विचारलं तर म्हणाले, "काल कसं वाटलं तुला?" मी म्हटलं, "काळजाचं पाणी झालं." ते म्हणाले, "माझंही." एवढंच. घरापाशी सोडलं तर दारात बराच वेळ किल्ली हातात धरून उभे होते. किल्ली कशी लावायची ते आठवत नव्हतं की आत जायचं नव्हतं, तेही मला गाडीतून कळेना.

आणि रविवार. दुपारचा प्रयोग. बाहेर त्या वर्षीचा पहिला बर्फ भुरभुरायला लागलेला, लोक कोट झटकत आत येत होते. नाटक उत्तम चाललं, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. हेलन तिसऱ्या रांगेत टेकून, निवांत बसलेली. मला वाटलं, जिंकलो. मुलगी म्हणाली, "चला बाबा, बोट थांबलीय."

पॉझ. मी पाय पाहिले. उजवा पाय चुळबुळला. मग डावा.

मी वाक्य दिलं. हळू, स्वच्छ. काही नाही. काकांनी मान वळवली, थेट विंगेकडे, थेट माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा दिलं, या वेळी जरा मोठ्यानं, अगदी ओठ दाखवून. बोट जाऊ दे. मी इथंच राहणार. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल, मला पर्वा नव्हती. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्या मुलीकडे वळले आणि म्हणाले,

"चल. माझा कोट आण."

पोरगी गुणाची. क्षणभर गडबडली, मग खुंटीवरचा कोट आणला, त्यांच्या अंगात घातला, हात धरला आणि दोघं निघून गेली. मोकळ्या स्टेजवर दिवा फिरत राहिला. लोक हुंदके देत होते. त्यांना काय माहीत, नाटकच उलटं झालं ते! प्राध्यापकमहाशय मात्र लाल होऊन विंगेत आले, "हे माझं नाटक नाही!" म्हणत. त्यांचंही बरोबरच होतं. हेलन कुठंच दिसेना.

जानेवारीत घर विकलं गेलं. ऑरेगनहून एकदा कार्ड आलं, अक्षर हेलनचं, खाली काकांची वाकडी सही. गेल्या वर्षी तिचा फोन आला, झोपेतच गेले म्हणून. शेवटपर्यंत रोज तिच्याबरोबर समुद्रावर फिरायला जायचे, आणि रोज घरी परत ने म्हणून भांडायचे, असंही ती म्हणाली. या दोन गोष्टी एकत्र कशा बसवायच्या? मध्यंतरी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला होता, त्यात नायकानं दार ठोठावलं आणि ते काकांनी उघडलं. काही बोलायच्या आधी जरासे थांबले. मी सोफ्यावर चक्क पुढं सरसावून बसले. मिलिंद म्हणाला, "काय गं, वाक्य देतेस काय?"

मी किती तऱ्हांनी लावून पाहिलंय. ते विसरले आणि जे सुचलं ते बोलून वेळ मारून नेली. किंवा ते विसरले नव्हते. लेकीकडे जायचं होतं आणि तोंडानं मागता येत नव्हतं, म्हणून विसरल्याचं सोंग घेतलं. किंवा जायचंही नव्हतं, पण तिसऱ्या रांगेतल्या तिच्या चेहऱ्यापुढे नाही म्हणवलं नाही. पायांची खूण त्यांनीच मला शिकवलेली. म्हणजे ती खोटी करून दाखवणंही त्यांच्याच हातात. रोज वेगळं उत्तर येतं आणि प्रत्येक उत्तर त्या दिवसापुरतं खरं वाटतं.

त्या रविवारी प्रयोगानंतर मी मेकअप रूममध्ये गेले तेव्हा काका आरशासमोर बसून कापसानं तोंड पुसत होते. हेलन त्यांच्या खुर्चीमागे उभी, डोळे सुजलेले. मला बघताच म्हणाली, "आई गेल्यापासून मी विचारतेय. चार वर्षांत एकदाही 'चल' म्हणाला नाही हा." मग आवाज खाली आणून, "खरं सांग. त्याला वाक्य आठवत नव्हतं, की त्याला यायचंय?"

मी आरशात काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी डोळा मारतील, भुवई उचलतील, काहीतरी खूण देतील. त्यांनी कापूस खाली ठेवला, माझ्याकडे वळले आणि अगदी हळू, थोडं घाबरल्यासारखं म्हणाले,

"पोरी, आज तू मला वाक्य दिलंच नाहीस."

मी दोनदा दिलं होतं. माझ्याकडे बघत असताना दिलं होतं. हेलन आमच्या दोघांकडे बघत होती, आणि मला रडू फुटत होतं, कशाचं ते कळत नव्हतं.

"हो काका," मी म्हणाले. "मीच विसरले."